पक्षी मोजायला सगळं घर

राज्यातलं सगळ्यात कमी तापमान निफाडला, ही बातमी थंडीत ठरलेली असते. द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून आमच्याकडे पहाटे बागांमध्ये शेकोट्या पेटतात. त्याच दिवसांत, ह्याच तालुक्यात, नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर हजारो बदकं निवांत चरत असतात. ती येतात मंगोलियातून, सैबेरियातून, मध्य आशियातून. तिकडची तळी गोठतात, गवत आणि किडे बर्फाखाली जातात, म्हणून ती निघतात. थंडी त्यांना सोसते. उपास सोसत नाही.

गोदावरी आणि कादवा जिथं मिळतात तिथं इंग्रजांच्या काळात दगडी बंधारा बांधला गेला. पुढं वर्षानुवर्षं दोन्ही नद्यांचा गाळ त्यामागं साठत गेला. पाणी उथळ झालं, मध्ये बेटं उठली, पाणवनस्पती माजल्या. साठवण म्हणून हे नुकसान. पण उथळ पाणी, चिखल आणि गवत हेच पाणपक्ष्यांचं ताट असतं. 1986 मध्ये इथं अभयारण्य झालं आणि 2020 मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव जाहीर झालेली महाराष्ट्रातली ही पहिली जागा ठरली.

मी ह्याच भागात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. हिवाळ्यात आम्ही मुलांना चापडगावच्या बाजूनं पाण्यावर नेतो आणि पालकांनाही यायला सांगतो. नुसतं ‘पाठवा’ म्हणत नाही, ‘या’ म्हणतो. कारण पक्ष्यांबद्दलची माहिती घरातल्या एकाच माणसाकडे कधी नसते. भोरड्या (गुलाबी मैना) कधी उतरतात हे आजीला विचारावं. ज्वारी हुरड्यात आली की मचाणावर बसून गोफण फिरवलेली असते तिनं. पट्टकादंब हंस कुणाच्या हरभऱ्यात चरून गेले हे वडिलांना पक्कं माहीत असतं. आणि लांबच्या वारकरी पक्ष्यांच्या गर्दीतलं एकटं वेगळं बदक आधी दिसतं ते पोरांनाच. एकीकडे आजीची आठवण, दुसरीकडे नातीची नजर, असं घर पाण्याकाठी उभं राहिलं की पुस्तकाबाहेरचं पुष्कळ कळतं.

स्थलांतराचं शास्त्रही असंच अनेकांच्या हातांनी उभं राहिलं आहे. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींच्या पुढाकारानं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं 1960 च्या दशकात देशभर हजारो पक्ष्यांच्या पायांत हलकी कडी घातली. प्रत्येक कड्यावर क्रमांक आणि संस्थेला कळवण्याची विनंती. पक्षी उडून गेला की पुढचं सगळं अनोळखी माणसांवर. दूरच्या कुठल्या गावात कुणाला ते कडं सापडलं आणि त्यानं कळवलं, तरच एक वाट नकाशावर उमटायची. आता उपग्रहाशी जोडलेली यंत्रं आली. हिमालय ओलांडणारे पट्टकादंब सात हजार मीटरपर्यंत चढतात, हे त्यांतून कळलं. पण कुठल्या तळ्यावर यंदा किती पक्षी आले, हे सांगायला आजही माणसंच लागतात. त्यासाठी 1987 पासून आशियाई पाणपक्षी गणना होते, दर जानेवारीत, आणि ती मुख्यतः हौशी माणसांच्या बळावर चालते.

मोजायचं कसं, हा मुलांचा पहिला प्रश्न. थवा मोठा असेल तर एकेक मोजत बसायचं नाही. आधी दहा पक्षी नीट मोजायचे, ते दुर्बिणीत केवढी जागा घेतात ते डोळ्यांत बसवायचं आणि मग तेवढा-तेवढा तुकडा धरत थव्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. दोघांनी वेगवेगळं मोजून मग आकडे ताडून पाहायचे. पाढ्यांना कंटाळणारी मुलं इथं तीन-तीनदा मोजायला तयार असतात.

मोजून झालं की एकच पक्षी घेऊन बसायचं. आमचा आवडता म्हणजे थापट्या. चमच्यासारखी रुंद चोच पाण्यात बुडवून तो संथ पुढं सरकत राहतो. चोचीच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दाते असतात. पाणी आत घ्यायचं, दात्यांतून गाळून सोडायचं, पाणकिडे आणि बिया तोंडात ठेवायच्या. कधी कधी थापट्यांचा घोळका गोल-गोल फिरत तळातलं खाणं वर ढवळतो. आईच्या कडेवरचं मूलसुद्धा ती फेरी टक लावून बघतं.

आमची गणना संक्रांतीच्या आगेमागे येते. शेजारचं येवलं पतंगांसाठी नावाजलेलं, आणि निफाडच्या गच्च्याही त्या दिवशी रिकाम्या नसतात. बंदी असूनही नायलॉनचा मांजा झाडांवर, तारांवर लटकत राहतो आणि त्यात पंख अडकतात. म्हणून संक्रांतीनंतर आई-बाप आणि मुलं मिळून काठावरच्या बाभळींवरचा मांजा उतरवतात. उंचावरचा मोठी माणसं काठीनं ओढतात, खालचा मुलं गुंडाळतात. पक्ष्यांचा सण साजरा करायचा तर मला ह्याहून चांगली रीत माहीत नाही.

एक गोष्ट मी पालकांना आवर्जून सांगते. आपण ह्यांना पाहुणे म्हणतो, पण भोरडी पावसाळ्यातच येऊ लागते आणि पार एप्रिलपर्यंत राहते. म्हणजे वर्षातला जास्त काळ ती आपल्याकडेच असते. पट्टकादंबही जवळजवळ पाच महिने इथं काढतात. परत निघण्याआधी ह्या पक्ष्यांना भरपूर खाऊन अंगावर चरबी चढवावी लागते. तीच वाटेतली शिदोरी. ती आपल्या तळ्यात, आपल्या रानात जमते. तळं बुजलं, पाण्यात सांडपाणी सोडलं, तर तिकडच्या घरट्यांतही पिल्लं कमी होणार. मध्य आशियाई उड्डाणमार्ग तीस देशांवरून जातो. त्यातला एक टप्पा आपल्या हाती आहे आणि त्याची राखण आपल्यालाच करायची आहे.

ह्यासाठी नांदूरलाच यायला हवं असं नाही. जागतिक स्थलांतरित पक्षी दिन मे आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी असतो. आपल्याकडे बहुतेक पक्षी येऊ लागतात ते ऑक्टोबरमध्ये. पक्षी-अभ्यासक मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. त्यातला एक दिवस ठरवा. गावचा पाझर तलाव, शहरातलं तळं, खाडीचा काठ, काहीही चालेल. सकाळी लवकर निघा, भडक कपडे नकोत, गाडीचा हॉर्न नको, ड्रोन तर नकोच. कुरवांना (सीगलना) फरसाण टाकू नका. वहीत तारीख, वेळ, जागा, पक्षी आणि आकडा लिहा. नाव कळलं नाही तर चोच, पाय आणि शेपटीचं चित्र काढा. घरी येऊन आजी-आजोबांना विचारा: पूर्वी इथं काय यायचं? तेही त्याच वहीत लिहा. पुढच्या वर्षी त्याच जागी, त्याच सुमारास पुन्हा जा, कारण एका वर्षाच्या आकड्यातून फार काही कळत नाही. दहा वर्षांच्या आकड्यांतून तळ्याची तब्येत कळते. आणि ती बिघडली असेल, तर ग्रामसभेत वही उघडून बोलायला तुमच्या घरातलं कुणीतरी उभं राहू शकतं.