किराणा आणि मताचं मोल

५ नोव्हेंबर २०२४च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी अमेरिकी मतदाराला दोन घोर लागले होते. पहिला किराण्याचा. जून २०२२मध्ये ९.१ टक्क्यांवर गेलेला महागाईचा दर पुढे उतरला. पण दर उतरला म्हणजे भाव उतरले असं नव्हे, ते फक्त सावकाश चढू लागले. पगार मात्र जुन्याच भावांच्या आठवणीने मोजला जात होता.

दुसरा घोर मताच्या मोलाचा. तिथे अध्यक्ष ठरतो ५३८ निर्वाचकांच्या मतांवर. जिंकायला २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का वगळता, राज्यात आघाडी घेणाऱ्याला तिथली सगळी निर्वाचक मतं मिळतात. म्हणूनच २०१६मध्ये हिलरी क्लिंटन देशभरात २८ लाखांहून अधिक मतांनी पुढे असूनही हरल्या. प्रचाराची रीघ लागते ती पेनसिल्व्हेनियासारख्या काठावरच्या राज्यांत. कॅलिफोर्नियाचा कल आधीच गृहीत धरलेला असतो.