परगावी शिकणाऱ्या लेकरांसाठी एक दार हवे

१९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. दोन मित्रांना विचारले, दोघांनीही सबबी सांगितल्या. शेवटी मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. विद्वत्ता होती, नोकरी होती. नव्हते ते अडीनडीला उघडणारे एक दार.

आज आपली मुले-मुली नांदेड, वाशीम, गडचिरोलीहून पुणे, मुंबई, दिल्ली, हैदराबादला शिकायला जातात. फी, शिष्यवृत्ती, जात पडताळणी यासाठी आईबाप जिवाचे रान करतात. मात्र वसतिगृहाच्या अर्जातला 'लोकल गार्डियन'चा रकाना घाईत भरला जातो. ज्याचे नाव लिहिले, त्याला अनेकदा विचारलेलेही नसते. मध्यरात्री वॉर्डनचा फोन जातो तेव्हा तो माणूस विचारतो, "कोण मुलगा?" आणि आईबाप रात्रभराच्या प्रवासाच्या अंतरावर असतात!

कायदा नीट समजून घ्या. १८ वर्षे पूर्ण झाली की मूल सज्ञान होते. लोकल गार्डियन हा कायदेशीर पालक नव्हे. उपचाराची संमती विद्यार्थी स्वतः देतो. तो बेशुद्ध असेल तर? परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, जखमीचा जीव वाचवणे हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे; पोलिसी सोपस्कार नंतर. पण रक्ताची पिशवी आणायला, डॉक्टरांना विचारायला, घरी खरे ते कळवायला माणूसच लागतो.

म्हणून एक नव्हे, दोन माणसे ठरवा. एक, अर्ध्या तासात पोहोचू शकेल असा. दुसरा, संस्थेच्या प्रमुखापुढे बसून बोलू शकेल असा प्राध्यापक, वकील किंवा कार्यकर्ता. मुलीसाठी त्यातली एक बाईच असावी. प्रवेशाच्या वेळी मुलासह त्यांच्या घरी जा, चहा घ्या, ओळख करून द्या. एका कागदावर रक्तगट, आजार, औषधे, घरचे फोन लिहून त्याच्या प्रती दोघांकडे ठेवा. मोबाईल बंद पडतो, कागद बंद पडत नाही.

प्रश्न फक्त आजारपणाचा नाही. २२ मे २०१९ रोजी डॉ. पायल तडवी यांचा मुंबईत मृत्यू झाला. वरिष्ठांकडून छळ होत असल्याचे त्यांनी घरी सांगितले होते, असे कुटुंबाचे म्हणणे आहे. छळाची पहिली कुणकुण लागताच त्याच शहरातला माणूस संस्थेत जाऊन उभा राहिला पाहिजे. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२, अत्याचारासाठी १४५६६, मानसिक आधारासाठी १४४१६ आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांक त्या कागदावर लिहाच. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १८-अ नुसार गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार हद्दीचे कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. हे त्या दोघांनाही माहीत हवे.

मात्र हा माणूस पहारेकरी नव्हे. मुलगी कुणाशी बोलते, किती वाजता परतते, याची खबर घरी पोहोचवणे हे त्याचे काम नाही. तसे झाले, तर संकटात ती त्यालाच फोन करणार नाही.

आता शहरवासी बांधवांना सवाल. शिकलो, नोकरीला लागलो, फ्लॅट घेतला. गावाकडच्या किती लेकरांकडे आपला नंबर आहे? प्रत्येक विहाराने आणि कर्मचारी संघटनेने शहरातल्या अशा घरांची एक वही ठेवावी. जूनमध्ये ती गावोगावच्या विहारांत पोहोचवावी. याला ना निधी लागतो, ना परवानगी. बडोद्यात तेव्हा जे दार उघडले नाही, ते आपल्या घराचे तरी उघडे असू द्या.