पंधरा मिनिटांची पुंजी

अमेरिकेतल्या जुन्या विनोदी लघुपटांचा विषय निघाला, की एक वाक्य हमखास ऐकू येतं : सिनेमा आला आणि व्हॉडव्हिल संपलं. खरं तर सिनेमा व्हॉडव्हिलच्याच घरात वाढला. एका तिकिटात गाणं, कसरत, जादू, कुत्र्यांचे खेळ आणि नकला असा हा व्हरायटी कार्यक्रम. 23 एप्रिल 1896 रोजी न्यूयॉर्कच्या कोस्टर अँड बायल्स म्युझिक हॉलमध्ये एडिसनच्या व्हायटास्कोपची चित्रं दाखवली गेली, ती अशाच कार्यक्रमाचा एक भाग म्हणून. पुढची कित्येक वर्षं दोघं एकाच छपराखाली नांदले. न्यूयॉर्कच्या पॅलेस थिएटरने निव्वळ व्हॉडव्हिलचा कार्यक्रम बंद केला तो थेट 1932 मध्ये. तोवर बोलपट रुळले होते आणि मंदीने लोकांचे खिसेही रिकामे केले होते.

व्हॉडव्हिल म्हणजे चावट, पांचट प्रकार, हाही असाच एक समज. चावटपणासाठी बर्लेस्क हा वेगळा रंगमंचीय प्रकार होता. बी. एफ. कीथ यांच्या व्हॉडव्हिल थिएटरांत बायकामुलांनी यावं म्हणून नटांच्या तोंडाला कुलूप होतं; सौम्य शिवी तोंडून गेली तरी नोकरी जायची. सुरुवातीच्या लघुपटांतला बराचसा विनोद घरच्यांसोबत पाहता येतो, त्यात या शिस्तीचाही वाटा आहे.

तिसरा समज जरा सविस्तर बघावा लागेल : नटांनी रंगमंचावरची करामत उचलली आणि जशीच्या तशी कॅमेऱ्यासमोर ठेवली. काहींच्या बाबतीत ते जमलं. बर्ट विल्यम्स या कृष्णवर्णीय विनोदवीराचा ‘अ नॅचरल बॉर्न गॅम्बलर’ (1916) पाहा. तुरुंगाच्या कोठडीत तो एकटाच पोकर खेळतो. हातात एकही पत्ता नाही. तरी तो पत्ते पिसतो, वाटतो, आपला डाव चोरून बघतो, आणि हरल्याचं आपल्याला त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. हे मूकनाट्य तो रंगमंचावर करायचाच; मूकपटाला ते आयतं मिळालं. मात्र त्यासाठी या कृष्णवर्णीय माणसाला तोंडाला आणखी काळं फासावं लागत होतं, हेही त्याच पडद्यावर दिसतं.

डब्ल्यू. सी. फील्ड्सचं उदाहरण नेमकं उलट. बिलियर्डच्या टेबलावरच्या करामतींनी तो गाजला. पण ‘पूल शार्क्स’ (1915) या त्याच्या पहिल्या लघुपटात चेंडू चक्क कॅमेऱ्याच्या युक्तीने, एकेक चौकट करत हलवले आहेत. ज्या हातांसाठी लोक तिकीट काढायचे, त्यांचं कसब तिथे दिसतच नाही. गोल्फचा त्याचा जुना प्रवेश मात्र 1930 च्या ‘द गोल्फ स्पेशालिस्ट’ या बोलपटात नीट उतरला.

पहिला बोलपट ‘द जॅझ सिंगर’ (ऑक्टोबर 1927), हे तर पाठच असतं. पण त्याच्या वर्षभर आधी, ऑक्टोबर 1926 मध्ये वॉर्नर कंपनीच्या व्हायटाफोन कार्यक्रमात अल जोल्सन, जॉर्ज जेसेल, हॉवर्ड बंधू ही रंगमंचावरची मंडळी पडद्यावर गात-बोलत होती. आवाज फिल्मवर नव्हे, 16 इंची तबकडीवर असे. ती एका दमात मुद्रित व्हायची, मध्ये काटछाट अशक्य. म्हणून एकाच वेळी अनेक कॅमेरे, तेही आवाज बाहेर पडू नये म्हणून खोक्यात कोंडलेले. नटाला थांबता येत नसे आणि समोर हसायला कोणी नसे. हशा किती वेळ टिकेल त्यावर पुढचं वाक्य बेतणाऱ्या माणसांची केवढी पंचाईत! ‘लॅम्बचॉप्स’ (1929) मध्ये जॉर्ज बर्न्स आणि ग्रेसी ॲलन या जोडीने या अडचणीचाच विनोद केला. ग्रेसी दिवाणखान्यात शिरते ती इकडेतिकडे काहीतरी शोधत. शोधत असते ती प्रेक्षकांना. जॉर्ज तिला कॅमेरा दाखवतो.

आणि सगळे जुने विनोदवीर व्हॉडव्हिलचेच, असंही नाही. कीटन तिथलाच खरा. आईबापांच्या खेळात लहानपणापासून इकडून तिकडे फेकला गेलेला. चॅप्लिन आणि स्टॅन लॉरेल इंग्लंडच्या म्युझिक हॉलमधून, फ्रेड कार्नोच्या कंपनीतून आले. ऑलिव्हर हार्डी मात्र जॉर्जियातल्या मिलेजव्हिल गावात सिनेमाघर सांभाळत होता.

पडद्यावर आलेले बहुतेक जण ‘स्टार’ झाले, हा समज सगळ्यांत जास्त खटकतो. पंधरा मिनिटांच्या एका प्रवेशावर नट वर्षानुवर्षं गावोगाव फिरून पोट भरायचा. तोच प्रवेश फिल्मवर गेला, की एकाच वेळी शेकडो गावांत पाहून होई. मग त्याच गावात तोच खेळ घेऊन कुठल्या तोंडाने जायचं? ज्यांच्याकडे नवं लिहून देणारे होते ते टिकले. बाकीच्यांच्या नावावर एकदोन लघुपट उरले. त्यांतल्याही अनेकांची फिल्म एकीकडे आणि तबकडी दुसरीकडे, असं झालं. 1991 पासून ‘व्हायटाफोन प्रोजेक्ट’चे हौशी संग्राहक त्या जोड्या जुळवत आहेत.