अलेक्झांडर तंत्र : शरीरस्थिती व हालचालींविषयीच्या सजगतेचे शिक्षण

प्रस्तावना :
‘ताठ बस’ ही सूचना प्रत्येकाने शाळेत ऐकलेली असते. ती ऐकताच विद्यार्थी छाती पुढे काढून पाठ ताणतो आणि थोड्याच वेळात पुन्हा वाकतो. केवळ सूचनेने शरीरस्थिती का सुधारत नाही, या प्रश्नाच्या अनुषंगाने सदर लेखात अलेक्झांडर तंत्राचा परिचय करून दिला आहे.

उगम :
फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर (१८६९-१९५५) हे मूळचे टास्मानियाचे नाट्यपठणकार. पठण करताना त्यांचा आवाज बसू लागला. उपचारांनी कायमचा गुण येईना, तेव्हा त्यांनी आरशात स्वतःचे निरीक्षण सुरू केले. पठणास प्रारंभ करताच आपण डोके मागे ओढतो व स्वरयंत्रावर दाब आणतो, असे त्यांना आढळले. ही सवय मोडताना त्यांना अधिक महत्त्वाची गोष्ट उमगली. डोके पुढे नेत आहोत असे वाटत असतानाही आरशात ते मागेच गेलेले दिसे. सवयीची चूक शरीराला योग्यच वाटते, हा या तंत्राचा पाया होय. १९०४ मध्ये ते लंडनला गेले व तेथे त्यांनी अध्यापन केले. तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी त्यांच्या तीन ग्रंथांना प्रस्तावना लिहिल्या.

पाठांचे स्वरूप :
हे पाठ बहुधा एकेकट्या विद्यार्थ्यास दिले जातात. खुर्चीवरून उठणे-बसणे, चालणे अशा नित्याच्या क्रिया हाच अभ्यासविषय असतो. क्रियेपूर्वी क्षणभर थांबून सवयीचा प्रतिसाद रोखणे, ही पहिली पायरी. त्यानंतर शिक्षक हाताच्या हलक्या स्पर्शाने मान, डोके व पाठ यांचा सुकर संबंध अनुभवास आणून देतो. नवी ‘योग्य’ स्थिती लादणे हा येथे हेतू नसतो.

उपयुक्तता :
‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २००८ साली जुनाट वा वारंवार उद्भवणाऱ्या पाठदुखीच्या ५७९ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. वर्षअखेरीस चार आठवड्यांतील वेदनेच्या दिवसांचा मध्यक नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत २१, तर २४ पाठ घेणाऱ्यांत ३ होता. तथापि हा निष्कर्ष पाठदुखीपुरता आहे. तो सर्व व्याधींना लावणे योग्य नव्हे.

निष्कर्ष :
तासन्‌तास उभे राहून बोलणाऱ्या प्राध्यापकांस आवाज व पाठ यांच्या दृष्टीने हा विषय जवळचा आहे. त्याहून मोठा बोध अध्यापनाविषयीचा आहे. विद्यार्थ्याची चूक त्याला चूक वाटतच नसेल, तर आज्ञा निष्फळ ठरते. ती चूक त्याला स्वतःला दिसेल अशी सोय करणे, हेच शिक्षकाचे कार्य होय.