ड्रोनचा पंखा थरथरतो? आधी बॅटरी काढा

लग्नसराईत चित्रीकरण करणारे ड्रोन आता दुरुस्तीच्या दुकानांत येऊ लागले आहेत. काम लहान, पण जबाबदारी मोठी आहे. चार पंख्यांच्या ड्रोनचा एक पंखा जरी तुटला, तरी तो थेट वऱ्हाडावर कोसळू शकतो.

कारागीर बंधूंनी प्रथम बॅटरी काढावी. फिरते पाते बोट कापते. मग प्रत्येक पाते उजेडात धरून पाहावे. चीर, खाच किंवा वाक दिसल्यास पाते बदलावे. गोंदाने चिकटवू नये. एका मोटरवरची दोन्ही पाती एकदमच बदलावीत.

तिरप्या कोपऱ्यांतले पंखे एकाच दिशेने फिरतात, शेजारचे उलट. अदलाबदल झाली तर ड्रोन उडतानाच उलटतो. म्हणून पात्यावरची खूण मोटरच्या खुणेशी जुळवावी. स्क्रू मूळ मापाचाच असावा. लांब स्क्रू मोटरच्या तारा दुखावतो.

पाती चांगली असूनही चित्र थरथरत असेल, तर तिरप्या मोटरींचे पंखे आपसात बदलून पाहावेत. दोष पंख्याबरोबर गेला तर पंखा खराब. जागीच राहिला तर मोटर खराब. मोटरीत केस, दोरा वा वाळू अडकली आहे का, हेही पाहावे.

मोटर तपासताना पंखे काढून ठेवावेत. शेवटची चाचणी मोकळ्या मैदानात, माणसांपासून दूर आणि कमी उंचीवर घ्यावी. पात्याचे पैसे वाचवून गिऱ्हाईक गमावणे हा तोट्याचाच व्यवहार आहे.