अंगावरचा कॅमेरा आणि त्याचा बदलता बाजार

एखादी वस्तु बाजारांत जोरानें खपूं लागली कीं ती सर्वांनाच हवी आहे असा समज पसरतो. तिचा खप ओसरला कीं ती निरुपयोगी ठरली असा उलट समज होतो. बहुधा दोनही समज चुकीचे असतात. शिरस्त्राणावर, छातीवर किंवा मनगटावर बसविण्याचा जो चिमुकला कॅमेरा ‘ॲक्शन कॅमेरा’ म्हणून ओळखला जातो, त्याचा इतिहास ह्या गोष्टीचें चांगलें उदाहरण आहे.

हा कॅमेरा एका अडचणींतून जन्मास आला. समुद्राच्या लाटांवर फळीवरून स्वार होणाऱ्याचे दोनही हात मोकळे हवेत. मग त्यानें चित्र घ्यावें कसें? कॅलिफोर्नियांतील निक वुडमन ह्या तरुणानें २००२ सालीं ‘गोप्रो’ ही कंपनी काढली, ती हाच प्रश्न सोडविण्यासाठीं. २००४ सालीं आलेला तिचा पहिला कॅमेरा साध्या फिल्मचा असून तो मनगटास पट्ट्यानें बांधावयाचा होता. पुढें तो डिजिटल झाला आणि त्यास रुंद देखावा टिपणारें भिंग मिळालें. २०१४ सालीं कंपनीचे शेअर अमेरिकेच्या बाजारांत विक्रीस आले. २०१५ सालीं तिची वार्षिक विक्री १६० कोटी डॉलरच्या वर गेली. २०२४ सालीं मात्र ती सुमारें ८० कोटींवर उतरली होती.

ह्या उतरणीचीं कारणें तीन. पहिलें असें कीं, मजबूत वस्तु लवकर मोडत नाहीं, आणि जी मोडत नाहीं ती दरवर्षीं कोणी नवी घेत नाहीं. दुसरें कारण खिशांतला मोबाइल फोन. तो पाण्यास दाद देईनासा झाला, त्याचें चित्र स्थिर व स्पष्ट येऊं लागलें, आणि सहलीपुरता कॅमेरा घेणारें गिऱ्हाईक परतलें. तिसरें कारण चीनमधील शेन्झेन शहराची स्पर्धा. तेथील ‘डीजेआय’नें २०१९ सालीं पुढेंही पडदा असलेला कॅमेरा आणला. ‘इन्स्टा३६०’नें पाठीला पाठ लावलेल्या दोन भिंगांनीं चहूंकडचें दृश्य एकदम टिपण्याची सोय लोकप्रिय केली. तिच्यामुळें कोणती बाजू दाखवावयाची हें चित्रण झाल्यावर ठरवितां येतें.

ह्या सर्व यंत्रांचें खरें कौशल्य स्थिरतेंत आहे. जायरोस्कोप प्रत्येक हिसका मोजतो. कॅमेरा दाखवावयाच्या चौकटीपेक्षां मोठें चित्र घेतो, आणि ती चौकट हिसक्याच्या उलट दिशेस सरकवितो. म्हणून धांवणाऱ्याच्या छातीवरून घेतलेलें दृश्यही शांत वाटतें.

कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील एके काळीं घरोघरीं होता. विजेचे दिवे आले आणि कंदील दिवाणखान्यांतून गेला. परंतु जेथें वीज पोंचत नव्हती तेथें त्याचें काम चालूच राहिलें. अंगावरच्या कॅमेऱ्याचेंही तसेंच झालें आहे. जेथें फोन हातांत धरतां येत नाहीं, तेवढेंच त्याचें राज्य उरलें आहे. पण तेथें तो खरोखर राजा आहे.

सातारा व सांगली जिल्ह्यांत हें राज्य सहज दाखवितां येईल. पांचगणीच्या पठारावरून पॅराग्लायडिंग करणाऱ्याचे हात दोऱ्यांत गुंतलेले असतात. सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०२१ मध्यें परवानगी दिल्यावर पुन्हां सुरू झालेल्या बैलगाडी शर्यतींत गाडीवानाला कासरा सोडून चालत नाहीं. यवतेश्वरचा घाट चढणाऱ्या धांवपटूलाही फोन हें ओझेंच. ह्या ठिकाणीं छोटा कॅमेरा हवा. उलट, कासच्या पठारावरील फुलासाठीं तो घेणें व्यर्थ; रुंद भिंगांत जवळचें फूलही लहान दिसतें, आणि बहुतेक ॲक्शन कॅमेऱ्यांना अगदीं जवळची वस्तु स्पष्ट टिपतां येत नाहीं. सांगलींतील एखाद्या कार्यालयांत रात्रीं लग्न टिपावयाचें असल्यास मंद उजेडांत त्याचें चित्र दाणेदार येतें.

चित्रफिती करून चार पैसे मिळवावेत अशा आशेनें पुष्कळ तरुण आपली पुंजी ह्या यंत्रांत घालतात. त्यांनीं प्रथम एक-दोन दिवस तें भाड्यानें आणून पाहावें. जादा बॅटरी, वेगवान कार्ड व बसविण्याच्या पट्ट्या ह्यांचा खर्चही किंमतींत धरावा. दुरुस्ती कोठें होते याची आधीं चौकशी करावी. कारण सोनी व गार्मिन यांसारख्या मोठ्या कंपन्यांनींही आपल्या ॲक्शन कॅमेऱ्यांच्या मालिका बंद केल्या आहेत, आणि मालिका बंद पडली कीं सुटे भाग व फोनवरील ॲप यांची शाश्वति राहत नाहीं.

आणखी एक हिशेब पैशाच्या पलीकडचा आहे. कॅमेरा पडला तरी फुटत नाहीं, ह्या जाहिरातींत तो बांधणाऱ्या माणसाविषयीं एकही शब्द नसतो. कड्याच्या टोकावर किंवा घाटांतल्या वळणावर यंत्र शाबूत राहील. माणसाची तशी हमी कोणताही कारखाना देत नाहीं.