विश्लेषण : सापाला न घाबरणारी महिला एका श्वासाने का घाबरली?

‘अमिग्डाला म्हणजे मेंदूतील भीतीचे केंद्र’ हे वाक्य मानसशास्त्रावरच्या रील्समध्ये हमखास ऐकायला मिळते. मात्र, अमेरिकेतील एका महिलेवरील प्रयोगांनी ते अर्धवट ठरवले.

कोण आहे ‘एस. एम.’?

संशोधनात ही महिला याच आद्याक्षरांनी ओळखली जाते. उर्बाख-विथे या दुर्मीळ आनुवंशिक आजाराने तिच्या मेंदूतील दोन्ही अमिग्डाला, म्हणजे बदामाच्या आकाराचे दोन छोटे भाग, निकामी झाले. संशोधकांनी तिला साप-कोळी विकणाऱ्या दुकानात नेले. साप आवडत नाहीत म्हणणारी एस. एम. तिथे सापाशी खेळत बसली. मोठ्या कोळ्याला हात लावण्यापासून तर तिला अडवावे लागले!

मग घाबरली कशाला?

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिने मास्कमधून ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एकदाच आत घेतली. लगेच जीव घाबराघुबरा झाला आणि मास्क काढण्यासाठी तिने मदत मागितली. अमिग्डाला निकामी असलेल्या दोन जुळ्या बहिणींचेही तेच झाले. गंमत म्हणजे, १२ निरोगी व्यक्तींपैकी फक्त तिघांना असा पॅनिक अटॅक आला.

कारण काय?

साप डोळ्यांना दिसतो. तो धोका आहे हे ओळखायला अमिग्डाला लागतो. गुदमरण्याचा इशारा मात्र शरीराच्या आतून येतो आणि त्याची वाट वेगळी असावी, असे संशोधक मानतात. निरोगी व्यक्तींमध्ये ही घबराट आवरण्याचे कामही कदाचित अमिग्डालाच करत असावा.